आई-वडिलांच्या पायातलं बळ कमी होतंय आणि निदान अजून व्हायचंय: कोल्हापुरातल्या घरांसाठी मार्गदर्शन

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून आण्णा, म्हणजे माझे वडील, संध्याकाळी घरी आले, तेव्हा त्यांच्या उजव्या पायात चप्पल नव्हती. तळव्याला चिखल लागलेला. "आण्णा, चप्पल कुठाय?" असं विचारल्यावर त्यांनी खाली बघितलं. तोवर त्यांना पत्ताच नव्हता. पाच मिनिटांनी शेजारचा पोरगा चप्पल घेऊन आला. कापशी चप्पल, चांगली जड, कर्रकर्र वाजणारी. पायातून निसटली तर गल्लीला कळावं अशी. आण्णांना कळली नव्हती.

आण्णांचं वय तेव्हा ६८. उद्यमनगरात लेथवर ३५ वर्षं उभं राहून काम केलेला माणूस. त्या संध्याकाळपासून निदान हातात पडेपर्यंत साडेपाच महिने गेले. त्यातले तीन तरी वाचले असते, जर काही गोष्टी आम्हाला आधी कुणी सांगितल्या असत्या. त्या गोष्टी इथे क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही, आणि हे उपचारांचं मार्गदर्शन नाही. पाय का जातोय हे कळायच्या आधीचा जो काळ असतो, त्यात घरच्यांनी काय करायचं, एवढंच यात आहे.

१. आधी ठरवा: थांबायचं की आत्ताच निघायचं

बहुतेक वेळा अपॉइंटमेंटपर्यंत थांबता येतं. पण खाली दिलेल्यांपैकी एक जरी गोष्ट दिसली, तरी ओपीडीची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढून थेट अपघात विभाग गाठा.

- एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं. हा पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लक्षात ठेवा.
- लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा आणि मांड्यांची आतली बाजू बधीर झाली.
- अशक्तपणा पावलांपासून सुरू होऊन काही तासांत किंवा दिवसांत वर चढतोय, त्यात गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय.
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर पाय हलेनासे झाले.
- ताप आणि पाठदुखी यांच्या जोडीला पायातलं बळ जातंय. आधी कॅन्सर होऊन गेलेला असेल, तर नुसती पाठदुखी आणि अशक्तपणा असला तरीही.
- एक पाय अचानक थंडगार, पांढरट पडला आणि असह्य दुखू लागला.

"सकाळी बघू" हे वाक्य यातल्या कुठल्याही गोष्टीसाठी नाही.

२. "पायात जीव नाही" म्हणजे नेमकं काय, ते शोधा

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहिते.

आपल्याकडची म्हातारी माणसं सगळ्याला एकच शब्द वापरतात. "पाय भरून येत्यात." "पायात जीव न्हाई." "पाय ऐकत न्हाईत." आणि आपण डॉक्टरांना तेच सांगतो. पण यात चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात: ताकद कमी होणं, स्पर्श न कळणं, दुखण्यामुळे पाय न टाकवणं आणि तोल जाणं. चौघांच्या वाटा वेगळ्या, तपासण्याही वेगळ्या. त्यामुळे जवळ बसा, घाई करू नका आणि एकेक विचारा.

*उठताना त्रास की पाऊल टाकताना?* जमिनीवरून उठताना मांडीवर हात रोवावे लागतात, जिना चढताना कठडा धरून अंग ओढावं लागतं, तर कंबर-मांडीच्या स्नायूंचा प्रश्न असू शकतो. चवडा अडखळतो, उंबऱ्याला अंगठा लागतो, चप्पल निसटते, तर पावलाकडचा. चपलेचा पुढचा भाग एका बाजूने जास्त झिजला आहे का, तेही बघा. पाय घासत चालणाऱ्याची चप्पल आधी बोलते.

*चप्पल निसटते ते कळतं का?* हा प्रश्न पुढे मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरांनी आण्णांना जवळजवळ पहिल्यांदाच विचारला. "काका, चप्पल पायातून निसटते का?" "निसटती." "निसटल्याचं तुम्हाला कळतं का?" आण्णा थोडा वेळ गप्प बसले. "न्हाई. पोरं सांगत्यात." निसटतेय हे कळतं, पण धरून ठेवता येत नाही, तेव्हा बळ कमी झालेलं असतं. निसटल्याचंच कळत नाही, तेव्हा संवेदनाही गेलेली असू शकते. एवढ्याशा फरकावरून डॉक्टरांची पुढची दिशा ठरते.

*चालल्यावर वाढतं का, आणि कशाने उतरतं?* ठराविक अंतर चालल्यावर पाय जड होतात, बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं, सायकल मात्र चालवता येते, तर कमरेच्या मणक्यात नसांना जागा अपुरी पडत असेल. नुसतं उभं राहिल्यावरही पोटरीची कळ थांबत असेल, तर रक्तवाहिन्यांकडे बघावं लागतं. आण्णा रंकाळ्याला फेरी मारायला जायचे आणि मधल्या बाकावर बसायचे. ते दमून बसतात असं आम्ही धरून चाललो होतो.

*डोळे मिटल्यावर तोल जातो का?* बेसिनपाशी तोंडाला पाणी मारताना डोळे मिटले की झोकांडी जाते का? रात्री अंधारात भिंत धरून चालतात का? पाय कुठे आहे हे पायाकडून कळत नसलं, की माणूस डोळ्यांनी सांभाळून घेतो. अंधार झाला की ते उघडं पडतं.

*हातांचं काय?* तक्रार पायाची असल्यामुळे हाताचं कुणी विचारत नाही. शर्टाची बटणं लावता येतात का, नोटा मोजता येतात का, सुईत दोरा जातो का, अक्षर बदललं का? लेथवर व्हर्निअर लावून केसाएवढा फरक पकडणारे आण्णांचे हात. आणि दोन महिने त्यांच्या शर्टाची बटणं आई लावून देत होती. आम्हा भावंडांना दोघांनीही सांगितलं नाही. आईला वाटलं, म्हातारपणाचे लाड. आण्णांना वाटलं, आपण पायासाठी दवाखान्यात जातोय, हाताचं कशाला सांगा. निदानाची किल्ली त्या बटणांत होती.

*दिवसाच्या कुठल्या वेळी जास्त?* सकाळी बरं आणि संध्याकाळी पापण्या जड, एकाचं दोन दिसणं, चावताना जबडा थकणं, असं असेल तर आवर्जून सांगा.

*लघवीची घाई होते का?* वडील लेकीला हे सांगत नाहीत, आई मुलाला सांगत नाही. ज्याच्यापुढे संकोच वाटत नाही, त्याने विचारावं. आमच्याकडे दादाने पुण्याहून फोनवर विचारलं आणि तेव्हा कळलं.

शेवटी तारखा. "लई दिसापासनं" हे डॉक्टरांच्या उपयोगाचं नाही. सणावारांना धरून आठवायला लावा. गणपती आणताना मूर्ती स्वतः उचलली होती का? दसऱ्याला सीमोल्लंघनाला दसरा चौकात चालत गेला होता का? दिवाळीत आकाशकंदील लावायला स्टुलावर चढला होता का? अशा प्रश्नांतून आण्णांची सुरुवात चप्पल निसटण्याच्याही तीन महिने मागे निघाली.

३. वही घाला आणि मोबाईलवर चित्रण करा

एक शंभर पानी वही घ्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी नोंद करा. रोज करू नका. रोजच्या नोंदीने घर आजाऱ्यासारखं होतं.

आमची पद्धत अशी होती. हाताची खुर्ची भिंतीला टेकवायची. तिथून ३ मीटरवर फरशीला चिकटपट्टी लावायची. खुर्चीवरून उठून चिकटपट्टीपर्यंत नेहमीच्या चालीने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि मोबाईलवर सेकंद मोजायचे. ही चाचणी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टही वापरतात. १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. आपल्याला मात्र आकड्यापेक्षा त्याची चाल कळायला हवी. आण्णांची पहिली नोंद १४ सेकंदांची, सहाव्या आठवड्यातली १९ ची. हे दोन आकडे ऐकल्यावर डॉक्टर खुर्चीत पुढे सरकून बसले. चाचणी करताना शेजारी एकजण हात पुढे करून उभा राहू द्या.

चित्रण महिन्यातून एकदा पुरे: समोरून, मागून आणि बाजूने चालताना, जमिनीवरून उठताना, जिना उतरताना. पावलं दिसली पाहिजेत, म्हणून धोतर किंवा लेंगा गुडघ्यापर्यंत वर घ्या. साडी असेल तर घोट्याच्या वर खोचा. दवाखान्यात माणूस बळ एकवटून चालतो आणि डॉक्टरांना खरी चाल दिसतच नाही. चित्रण करायच्या आधी मात्र त्यांना विचारा. आण्णा पहिल्यांदा चिडले होते. "डॉक्टरांना दाखवायला" म्हटल्यावर तयार झाले.

पडले, तर तारीख, जागा आणि कसे पडले ते लिहा. पाय मुडपला, अडखळला की चक्कर आली?

४. कुणाकडे जायचं

पहिली पायरी तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन. त्यांना जुनी दुखणी ठाऊक असतात, साध्या रक्ततपासण्या ते तिथेच लिहून देतात, आणि पुढे पाठवताना चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी मागून घ्या.

पुढे गोंधळ सुरू होतो. पाय म्हटलं की घरातले सगळे हाडांच्या डॉक्टरांचं नाव घेतात. गुडघा, खुबा, फ्रॅक्चर यांसाठी ते बरोबरच आहे. पण दुखत नाही, नुसतं बळ जातंय, बधीरपणा आहे, तोल जातोय, अशा वेळी न्यूरोफिजिशियन, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंचे औषधोपचार करणारे डॉक्टर गाठावेत. न्यूरोसर्जन वेगळे, ते शस्त्रक्रिया करतात. पाटीवर नुसतं "न्यूरो" असेल तर फोन करतानाच विचारून घ्या.

शहरात दसरा चौकाजवळचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपलं सीपीआर, हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. तिथे जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा, केस पेपरच्या खिडकीवर हवा तो विभाग कुठल्या वारी असतो ते विचारा, आणि चालायला त्रास आहे हे दारातच सांगून व्हीलचेअर मागा. मागायला लाजू नका. रांगेत दमलेला माणूस तपासणीच्या वेळी नीट उत्तरं देऊ शकत नाही. आधार द्यायला एक आणि खिडक्यांवर पळायला एक, अशी दोन माणसं बरोबर असलेली बरी.

दुसरं मत घ्यायचं तर मिरज सुमारे ५० किलोमीटरवर आहे. आमच्या आजीच्या पिढीपासून मोठं दुखणं म्हणजे मिरज, अशी इकडची रीत आहे, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून ती पडली. त्यापुढे बेळगाव आणि पुणे आहे. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना आणि सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. आधार कार्ड जवळ ठेवा. मात्र एसटीच्या पायऱ्या उंच असतात. पाय उचलत नसेल तर जमेल तेव्हा गाडीच करा.

एक सापळा आवर्जून सांगते. मालिश, पाठीवर पाय देणं, मान मोडून घेणं, हाडवैद्याकडून मणका "बसवून" घेणं, यातलं काहीही निदान होईपर्यंत करू नका. मानेत मज्जारज्जू, म्हणजे मणक्यातून खाली जाणारी नसांची मुख्य दोरी, दबलेला असताना मानेला झटका बसला, तर होतं नव्हतं ते बळही जाऊ शकतं. आण्णांना त्यांच्या मित्राने एका ठिकाणी नेण्याचं पक्कं केलं होतं. आई आडवी आली म्हणून वाचलं.

५. फाइल तयार ठेवा

क्लिपची फाइल घ्या, पिशवीत कागद कोंबून नेऊ नका. फाइलमध्ये:

- आधार कार्ड, रेशन कार्ड, विम्याचं कार्ड, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स
- फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी
- जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे, सगळ्यात नवा वर
- एमआरआय किंवा एक्स-रेच्या फिल्म आणि सीडी. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही
- चालू औषधांची यादी: नाव, किती मिलिग्रॅम, किती वर्षांपासून. शक्य असेल तर गोळ्यांची पाकिटंच न्या
- आधीची ऑपरेशनं, पेसमेकर, स्टेंट, शरीरातला रॉड किंवा स्क्रू
- घरात, भावंडांत, चुलत्यांत कुणाला असा त्रास होता का
- वहीतून काढलेलं एक पान: कधी सुरू झालं, कसं वाढलं, काय जमत नाही

शेवटचं पान सगळ्यात कामाचं. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, त्यात आपण गडबडतो.

औषधांच्या यादीत काही लपवू नका. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनी स्नायू दुखतात, अशक्त होतात. साखरेची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं. लघवी जास्त होणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरू शकतं. आयुर्वेदिक काढे, पुड्या, जत्रेत घेतलेलं चूर्ण, दारू, तंबाखू, सगळं सांगा. मात्र संशय आला म्हणून स्वतःच्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नका.

६. तपासण्या आणि त्यातले सापळे

साधारण क्रम असा असतो: हातोडी, सुई आणि कंप पावणारा काटा वापरून केलेली अंगतपासणी, मग रक्त, मग गरजेप्रमाणे नसांची तपासणी किंवा एमआरआय, आणि क्वचित पाठीतलं पाणी काढून त्याची तपासणी. अंगतपासणीला कमी लेखू नका. गुडघ्यावर हातोडी मारून, तळव्यावर रेघ ओढून डॉक्टर अडचण कुठल्या पट्ट्यात आहे ते ठरवतात. ज्यांनी पायाला हातही न लावता थेट एमआरआय लिहून दिला, त्यांना "आधी तपासून बघता का?" असं नम्रपणे विचारायला हरकत नाही.

*रक्त.* हिमोग्लोबिन, साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, बी-१२, डी जीवनसत्त्व, थायरॉइड, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, आणि स्नायूंसाठी सीपीके, असं बहुधा लिहून येतं. यात मोठा सापळा बी-१२ चा. "अशक्तपणा आहे ना, ताकदीची इंजेक्शनं घ्या," असं म्हणून आधीच पाच इंजेक्शनं दिली जातात, आणि मग तपासणी केली तर आकडा भरपूर येतो. मूळची कमतरता होती की नव्हती, ते त्यातून कळत नाही. रक्त आधी, इंजेक्शन नंतर. स्टेरॉइडचंही तसंच. ते परस्पर घेतलं तर चार दिवस बरं वाटतं, साखर चढते आणि खरा आजार झाकला जातो.

*नसांची तपासणी.* त्वचेवर छोटे झटके देऊन नस किती वेगाने निरोप नेते ते मोजतात. काहींना स्नायूत बारीक सुईही घालतात. थोडं टोचतं, सहन होतं. त्या दिवशी अंगाला तेल, व्हॅसलीन, बाम लावू नका. रक्त पातळ करणारी गोळी किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा.

*एमआरआय.* इथे आमचे महिने गेले. पहिल्या ठिकाणी पाय म्हणून फक्त कमरेचा एमआरआय झाला. रिपोर्टात "एल-४, एल-५ ची गादी किंचित बाहेर" असं आलं. सगळ्यांना हायसं वाटलं: सापडलं एकदाचं! पट्टा आला, शेक आला, व्यायाम आले. आणि बळ जातच राहिलं. नंतर कळलं, की या वयात कमरेच्या गादीत असे बदल काहीही तक्रार नसलेल्या कितीतरी लोकांतही दिसतात. चित्रात दिसतंय तेच कारण, असं धरता येत नाही.

पायाकडे जाणारे सगळे निरोप मेंदूतून निघून मानेतून, पाठीतून खाली जातात. हातांचेही मानेतूनच जातात. म्हणून मानेत अडचण असेल तरी पाय जातो, बटणं लावणारी बोटंही अडतात, आणि कित्येकदा मान मुळीच दुखत नाही. आण्णांची एकदाही दुखली नव्हती. म्हणून एवढा एक प्रश्न विचारा: "तपासणीवरून अडचण कुठे वाटते: कंबर, पाठ, मान, डोकं की नसा? आणि एमआरआय त्याच भागाचा आहे ना?" अनेक ठिकाणी एका भागाच्या एमआरआयबरोबर पूर्ण मणक्याचं झटपट स्क्रीनिंग करून मिळतं. ते हवं का, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

एमआरआयला जाताना करदोडा, मंगळसूत्र, कुड्या, कवळी, श्रवणयंत्र, सगळं घरीच काढून ठेवा. जोडव्यांचं विशेष सांगते: पन्नास वर्षं बोटांत रुतलेली जोडवी ऐनवेळी निघत नाहीत. आदल्या रात्री साबणाच्या पाण्यात पाय भिजवून काढा. आत धडधड आवाज येतो आणि अर्धा-पाऊण तास न हलता पडावं लागतं, हे म्हाताऱ्या माणसाला आधी समजावून सांगा. बंद जागेची भीती असेल तर तेही सांगा, उपाय असतो.

७. पैशाचं

ओपीडीतल्या तपासण्यांचा खर्च बहुधा खिशातूनच होतो, त्याची तयारी ठेवा. भरती व्हावं लागलं किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, रेशन कार्ड आणि आधार लागतं. योजनेच्या यादीतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचा, टेबल असतो. भरती व्हायच्या *आधी* त्याच्याशी बोला. बिल झाल्यावर गेलात तर उपयोग नाही. चौकशीचा क्रमांक १५५३८८. वय ७० किंवा जास्त असेल तर भरती झाल्यावरच्या मोफत उपचारांसाठी केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही.

रेशन कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का, ते आजच बघा. आण्णांच्या एका कार्डावर वडिलांच्या नावाचा काना राहिला होता.

८. निदान होईपर्यंत घर कसं ठेवायचं

या काळात सगळ्यात मोठा धोका पडण्याचा. खुबा मोडला तर मूळ दुखणं बाजूला राहतं.

अंगठ्याची चप्पल बंद. मागे पट्टा असलेली सँडल घ्या. आण्णांना हे फार लागलं. कापशी सोडून वेलक्रोची सँडल घालायची म्हणजे त्यांना आपलं काहीतरी संपल्यासारखं वाटलं. आम्ही कापशी तेल लावून कपाटात ठेवली, टाकली नाही.

मोरीत आणि संडासात भिंतीला पक्के दांडे बसवा. नळाला किंवा टॉवेलच्या सळईला धरून उठू देऊ नका. उकिडवं बसायची संडास असेल तर कमोडची खुर्ची मिळते. अंथरुणापासून संडासापर्यंत रात्री दिवा चालू ठेवा. पायपुसणी, सतरंज्या, वायरी उचला. जेवण टेबलावर किंवा पाटाऐवजी खुर्चीवर. बधीर पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजल्याचं कळत नाही. रोज रात्री तळवे उजेडात बघा.

काठी घ्यायची तर अशक्त पायाच्या *उलट* हातात. उंची अशी, की हात मोकळा सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेला यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अशक्त पाय आधी. आणि भीतीने माणसाला पलंगावर बसवून ठेवू नका. न वापरलेला स्नायू आणखी झिजतो. किती चालायचं ते डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा.

९. तुमच्या स्वतःच्या रात्री

दिवस दवाखान्यात जातो. रात्री फोन हातात येतो. मी दोन-दोन वाजेपर्यंत आजारांची नावं वाचत बसायचे. आण्णांच्या पोटरीतलं मांस एकदा फडफडलं आणि मी सगळ्यात वाईट आजाराचं नाव मनात पक्कं केलं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, की नुसती फडफड पुष्कळ निरोगी माणसांतही होते. ती बळाशी आणि झिजेशी जोडून बघावी लागते.

मग मी एक नियम केला, त्याचा मला फार आधार झाला. रात्री वाचायचं नाही. जी भीती मनात येईल ती वहीच्या मागच्या पानावर प्रश्न म्हणून लिहायची. "हे अमुक आहे का?" एवढंच. आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना तो प्रश्न विचारायचा. अकरा प्रश्न जमले होते. आठ डॉक्टरांनी दोन मिनिटांत खोडले.

नातेवाइकांशी बोलायला एकच माणूस ठरवा. दहा जणांना दहा वेळा सांगताना आपणच खचतो, आणि प्रत्येकजण नवा डॉक्टर सुचवतो. मनाला फारच जड झालं तर फोनवर बोलून आधार घ्यायला १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल कुजबुजू नका. सीपीआरसमोरच्या टाऊन हॉलच्या बागेत रिपोर्टची वाट बघत बसलो होतो. मी आणि दादा थोडं लांब उभे राहून बोलत होतो. आण्णांनी हाक मारली. "पोरांनो, पाय माझा हाय. माझ्यासमोर बोला." त्यानंतर सगळं त्यांच्यासमोर बोललो. ते आमच्यापेक्षा शांत होते.

१०. निदानाच्या दिवशी

दोन माणसं जा. एकाने ऐकायचं, एकाने लिहायचं. हे प्रश्न न्या:

- आजाराचं नाव काय? मराठीत आणि मूळ शब्दात लिहून द्याल का?
- हे कशावरून ठरलं? अजून काय शक्यता उरते?
- हे थांबेल, सुधारेल की वाढेल?
- उपचार लगेच हवा की थोडा वेळ आहे? थांबलो तर काय होईल?
- शस्त्रक्रिया असेल तर तिचा हेतू बरं करणं की आहे ते टिकवणं?
- कुठली लक्षणं दिसली तर लगेच यायचं?

"अजून नक्की सांगता येत नाही," असं उत्तर मिळालं, तर पुढची तपासणी कुठली आणि पुन्हा कधी यायचं, ते तारखेसह लिहून घ्या. तारीख नसली की महिने जातात.

आण्णांच्या मानेत मज्जारज्जू दबला होता. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की आणखी बिघडू नये हा पहिला उद्देश. गेलेलं किती परत येईल ते हळूहळू कळेल. तुमच्या घरातलं कारण वेगळं असेल, कदाचित बी-१२ सारखं साधंही. शस्त्रक्रियेला आता आठ महिने झाले. वही अजून चालू आहे. गेल्या रविवारची नोंद १३ सेकंदांची. शर्टाची वरची दोन बटणं आई लावते, खालची आण्णा स्वतः लावतात.